पहिल्या नंबरला कमी पैसे का?

प्रश्न : माझा मुलगा ह्यूस्टनला असतो. तो सांगतो, तिथल्या ॲस्ट्रोज संघानं 2012च्या बेसबॉल ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी निवडलेल्या पोराला 72 लाख डॉलरऐवजी 48 लाखांवरच करारबद्ध केलं. पहिला नंबर आणि वर घासाघीस? हे काय गौडबंगाल आहे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : कोथरूडकरांना घासाघीस समजावून सांगायची वेळ यावी, कमाल आहे! माझी नोकरी पुण्यातल्या एका सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत झाली, त्यामुळे मला हे प्रकरण खेळापेक्षा मार्चअखेरीचंच वाटतं.

ड्राफ्टमध्ये शाळा-कॉलेजातले हौशी खेळाडू संघ पाळीपाळीनं निवडतात. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकापुढे लीग (म्हणजे स्पर्धा चालवणारी संस्था) एक रक्कम मांडते. संघाच्या वाट्याला आलेल्या क्रमांकांची बेरीज म्हणजे त्याची थैली. 2012 पासूनची ही पद्धत. 72 लाख ही त्या क्रमांकापुढची रक्कम; ती त्या मुलालाच द्यावी असं बंधन नाही. एका शीर्षात वाचवा, दुसऱ्यात खर्चा. आमच्याकडे याला पुनर्विनियोजन म्हणतात आणि फाइल चार टेबलं फिरते.

तुम्ही म्हणता तो पोरगा, कार्लोस कोरिया, 48 लाखांत तयार झाला. वाचलेले पैसे गेले कुठे? 41व्या क्रमांकाच्या लान्स मॅकलर्सला 25 लाख, चौथ्या फेरीतल्या रिओ रुइझला साडेअठरा लाख. दोघंही शाळकरी. ‘एवढे देत नसाल तर मी कॉलेजात चाललो’ असं म्हणायची सोय शाळकरी पोराला असते, म्हणून त्याचा भाव चढतो. कॉलेजचं शेवटचं वर्ष संपलेला बिचारा जाणार कुठे? त्याला दहा हजारांवरही सही करायला लावतात आणि उरलेले दुसऱ्याच्या पानात वाढतात. मला हे पटत नाही. पण जमाखर्च जुळतो खरा. कोरिया आणि मॅकलर्स दोघंही ॲस्ट्रोजच्या 2017च्या विजेत्या संघात होते. (त्या विजेतेपदाला पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचा डाग लागला, तो विषय वेगळा.)

थैलीपेक्षा जास्त खर्च केला तर? पाच टक्क्यांपर्यंत जादा रकमेवर 75 टक्के दंड. त्यापुढे गेलात की दंड आहेच, शिवाय पुढची पहिल्या फेरीची निवडही जाते. म्हणून संघ त्या पाच टक्क्यांच्या उंबऱ्यावर थांबतात.

खरी मेख पुढे आहे. खेळाडूनं सहीच केली नाही, तर त्याच्या क्रमांकाची रक्कम थैलीतून वजा होते. निधी व्यपगत! 2014 मध्ये ॲस्ट्रोजनी पहिल्या क्रमांकावर ब्रॅडी एकेन निवडला, 65 लाखांवर बोलणी झाली. मग वैद्यकीय तपासणीत कोपराबद्दल शंका निघाली, संघानं आकडा खाली आणला, पोरगा निघून गेला. त्याच्यासोबत थैलीतले त्या क्रमांकाचे 79 लाख गेले आणि त्यामुळे जेकब निक्स या दुसऱ्या मुलाशी ठरलेला 15 लाखांचा सौदाही बुडाला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

आमच्या शाखेचे खुर्च्यांचे पैसे असेच गेले होते. पुरवठादार बिल घेऊन आला 1 एप्रिलला. माझ्या खुर्चीचा डावा हात सुतळीनं बांधलेला, तो तसाच राहिला. ॲस्ट्रोजना निदान भरपाई म्हणून 2015 मध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली, तिच्यातून ॲलेक्स ब्रेगमन आला. आम्हाला पुढच्या वर्षी खुर्च्यांचं शीर्षच उघडून मिळालं नाही.