केस मिटली, फॉर्मवरचं ‘नाही’ तसंच आहे

प्रश्न: मी अमेरिकन नागरिक, राहणार व्हर्जिनिया. संरक्षण खात्याचं काम घेणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली म्हणून सीक्रेट क्लिअरन्ससाठी, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायच्या सरकारी परवानगीसाठी, पार्श्वभूमी तपासणीचा एसएफ-८६ फॉर्म भरला. पाच वर्षांपूर्वी पार्टीहून येताना पोलिसांनी अडवलं आणि डीयूआयचा, म्हणजे नशेत गाडी चालवल्याचा, आरोप लागला. वकिलाने तो ‘रेकलेस ड्रायव्हिंग’वर आणला. मेहुणा म्हणाला, “डीयूआय राहिलंच नाही, मग लिहायचं कशाला?” मी ‘नाही’ लिहिलं. आता चौकशी अधिकाऱ्याची मुलाखत आहे. गप्प राहू का? आणि दारूसाठी समुपदेशनाला गेलो तर ते नडेल का?

उत्तर: गप्प राहू नका. तुमच्या पत्रात मला दारूपेक्षा त्या ‘नाही’ची जास्त काळजी वाटते.

एसएफ-८६ च्या बाविसाव्या विभागात पोलीस केसेसचे बरेचसे प्रश्न गेल्या सात वर्षांपुरते असतात. दारू किंवा अमली पदार्थांच्या आरोपाला मात्र मुदत नाही. कधीही लागला असेल तरी सांगावा लागतो. शिवाय विचारलंय ते आरोपाबद्दल, शिक्षेबद्दल नव्हे. कोर्टात कलम बदललं तरी आरोप लागला होताच ना? आणि व्हर्जिनियात रेकलेस ड्रायव्हिंग म्हणजे दंड भरून सुटण्यासारखी पावती नव्हे, तो क्लास १ मिसडिमीनर आहे, फौजदारी गुन्हा. अटकेची नोंद एफबीआयकडे आहे असंच धरून चाला.

क्लिअरन्सचे निकष जून २०१७ पासून लागू असलेल्या ‘सीड-४’ निर्देशात आहेत. प्रत्येक निकषाला एक अक्षर आहे: दारू ‘जी’खाली, गुन्हा ‘जे’खाली, सचोटी ‘ई’खाली. व्यसन नसलं तरी एकटं डीयूआयसुद्धा ‘जी’त बसतं. पण पाच वर्षांत पुन्हा काही घडलं नसेल, तर तिथे बाजू मांडायला भरपूर वाव आहे. ‘ई’चं तसं नाही. मुद्दाम लपवलं असं ठरलं की बाकी सगळं चांगलं असूनही निकाल विरुद्ध जाऊ शकतो. तुमच्यासाठी मुख्य वाट ही: समोरच्याने कागद पुढे टाकण्याआधी, आपणहून आणि ताबडतोब चूक दुरुस्त करायची. क्लिअरन्सच्या कामाची जबाबदारी असलेल्या माणसाने किंवा वकिलाने चुकीचा सल्ला दिला असेल तर तोही बचाव होतो. मेहुणे त्यात येत नाहीत, त्यांना माझा नमस्कार सांगा.

मात्र सरकारी फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. म्हणून याच आठवड्यात क्लिअरन्सची कामं करणारा वकील गाठा आणि मजकूर त्याच्याकडून तपासून घ्या. मग कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला लेखी कळवा. मुलाखतीतही विषय तुम्हीच काढा.

समुपदेशनाला बेलाशक जा. फॉर्ममध्ये त्याचा प्रश्न आहे, पण आपणहून घेतलेली मदत निर्देशात तुमच्या बाजूने धरली जाते. फक्त भलती शपथ घेऊ नका. महिन्यातून दोनदा बिअर घेत असाल तर तेवढंच सांगा. ‘सोडली’ म्हणालात आणि दिवाळीच्या फोटोत हातात ग्लास दिसला, की ‘ई’ पुन्हा उघडलं.

कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत आणि व्हर्जिनियाचा दारू-सुरक्षा कार्यक्रम, म्हणजे व्हीएसॅप, केला असेल तर त्याचा दाखला आत्ताच मिळवून ठेवा. पुढे आक्षेपपत्र, म्हणजे क्लिअरन्स का देऊ नये याची कारणं मांडणारं सरकारी पत्र, आलंच, तर तुमच्यासारख्या कंत्राटी कंपनीच्या माणसाला लेखी उत्तरासाठी २० दिवस मिळतात, आणि त्यातले निम्मे कागद गोळा करण्यातच जातात.