वाचकांचे प्रश्न : पंखे फिरतात, पण पडदा काळाच

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. सुट्टीत त्याने सुटे भाग आणून घरीच डेस्कटॉप जोडला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, ओळखीच्या दुकानदाराकडे बराच काळ पडून असलेला बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, एम.२ एसएसडी आणि ५५० वॅटचा नवा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) असे सामान आहे. ग्राफिक्स कार्ड दिवाळीत घ्यायचे ठरले आहे. बटण दाबताच सर्व पंखे फिरतात, मात्र मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ एवढेच दिसते. रॅमच्या जागा आणि एचडीएमआय केबल बदलून पाहिली. एका दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड गेल्याचे सांगितले. मारुती चौकातील भावाच्या दुकानात एक जुना एसएमपीएस आहे. तो २०१९ च्या पुरात भिजला होता, पण नंतर उन्हात चांगला वाळवला आहे. तो लावून पाहावा, की मदरबोर्डच बदलावा?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दोन्ही करू नये. आपण सामानाची यादी इतकी नेमकी दिली आहे की पहिले नाव वाचतानाच संशय आला आणि ग्राफिक्स कार्डाचे वाक्य येईपर्यंत तो पक्का झाला. रायझन ५ ५६०० या प्रोसेसरमध्ये चित्र तयार करणारा भागच नाही, ते काम ग्राफिक्स कार्डाने करायचे असते. मदरबोर्डच्या मागे एचडीएमआयची जागा असते, कारण त्याच बोर्डावर अंगभूत ग्राफिक्स असलेले प्रोसेसरही बसतात. परंतु ती जागा म्हणजे नुसती तोटी आहे, आणि आपल्या यंत्रात त्या तोटीमागे टाकीच नाही. याच मालिकेतील ५६००जी घेतला असता तर पडदा उजळण्यात ही अडचण आली नसती. इंटेलच्या ग्राहकांनाही हाच अनुभव येतो. तेथे १२४००एफसारख्या नावाच्या शेवटी असलेला ‘एफ’ अंगभूत ग्राफिक्स नसल्याचे सांगतो. एका अक्षरापायी चांगले मदरबोर्ड नाहक बदनाम होतात.

खात्रीसाठी एखाद्या मित्राचे चालू स्थितीतले कोणतेही ग्राफिक्स कार्ड एका दिवसापुरते मागून आणावे. ते जुने आणि कमी ताकदीचे असले तरी चालेल. त्याला स्वतंत्र वीजजोडणीची जागा असेल तर तीही जोडावी आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, तर कार्डाला लावावी. हे शेवटचे वाक्य अनावश्यक वाटेल, पण कार्ड बसवूनही केबल जुन्याच जागी ठेवणारे पुष्कळ असतात. कार्ड मिळेपर्यंत एक बिनखर्चाची चाचणी करता येईल. संगणक सुरू करून मिनिटभर थांबावे आणि कीबोर्डवरील नमलॉकची कळ दाबावी. तिचा दिवा दाबण्याबरोबर लागत-विझत असेल, तर यंत्र आतून सुरू झालेले आहे, फक्त ते दाखवण्याची सोय त्याच्याकडे नाही. दिवा लागला नाही, तर मात्र त्यावरून काहीही ठरवू नये, कारण काही बोर्ड कार्ड सापडले नाही की तेथेच थांबतात.

कार्ड लावूनही पडदा काळाच राहिला, तर दुसरा संशय बायोसवर, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मदरबोर्डमधील मूळ आज्ञावलीवर घ्यावा लागेल, आणि दुकानात ‘बराच काळ पडून असलेला’ हे आपले शब्द त्याला पुष्टी देतात. बी४५० चिपसेट २०१८ मध्ये आला, रायझन ५००० मालिका नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली आणि ५६०० हा प्रोसेसर तर एप्रिल २०२२ मधला आहे. बोर्ड ज्या काळात कारखान्यातून निघाला, त्या काळचा बायोस त्यात असतो आणि नंतर जन्मलेला प्रोसेसर त्याला ओळखता येत नाही. निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर प्रोसेसरची यादी असते व प्रत्येकासमोर बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते. बोर्डाच्या खोक्यावर किंवा चिपवरच्या चिकटपट्टीवर आपली आवृत्ती सापडली तर ती ताडून पाहावी. काही बी४५० बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकचे बटण असते. तेथे योग्य फाइल पेनड्राइव्हवर घेऊन, माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या नावाने, प्रोसेसर ओळखला जात नसतानाही बायोस बदलता येतो. असे बटण नसेल, तर जुना रायझन प्रोसेसर हाताशी असलेल्या दुकानातून हे काम करून घ्यावे. काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड खरोखरच निकामी होऊ शकतो, म्हणून पावसाळी संध्याकाळी, यूपीएसशिवाय, हा प्रयोग घरी मुळीच करू नये.

प्रोसेसर काढण्याची वेळ आलीच, तर चिरंजीवांना एक सूचना द्यावी. एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे आपल्या प्रोसेसरच्या बैठकीत, खटका लावलेला असतानाही घट्ट झालेल्या थर्मल पेस्टमुळे (प्रोसेसर व कूलर यांच्यामधल्या उष्णतावाहक लेपामुळे) प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो, आणि त्याच्या तळाच्या नाजूक पिना वाकतात. कूलर सरळ वर ओढू नये. आधी त्याला डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळ द्यावा आणि तो सुटा झाला की मगच उचलावा.

राहिला पुरात भिजलेला एसएमपीएस. तो चाचणीपुरताही लावू नये. कृष्णेच्या पाण्याबरोबर आत गेलेला गाळ उन्हाने जात नाही, तो फक्त सुकतो आणि पुढच्या दमट हवेत पुन्हा ओल धरतो. असा एसएमपीएस एक तर चालणार नाही, किंवा वाईट म्हणजे चालेल आणि चुकीचा विद्युतदाब आपल्या नव्या सामानात सोडील. स्वच्छ करण्यासाठी तो उघडूही नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टांहून अधिक दाब साठतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो. आपल्या नव्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर संशय घ्यावा असे पत्रात काहीही नाही.

प्रश्न : नवीन जोडलेल्या संगणकाचे बटण दाबले तरी काहीच होत नाही, पंखाही हलत नाही. मदरबोर्डवरचा एक छोटा दिवा मात्र सतत लागलेला असतो. एसएमपीएस खराब असेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : तो छोटा दिवा आपल्याला बरेच सांगून गेला आहे. बटण दाबण्याआधीही एसएमपीएस मदरबोर्डला पाच व्होल्टचा राखीव पुरवठा देत असतो, आणि दिवा त्यावर लागतो. म्हणजे भिंतीतला सॉकेट, पॉवर केबल, एसएमपीएसच्या मागचे स्विच आणि चोवीस पिनांची जोडणी यांपैकी बहुतेकांची सुटका झाली. अशा वेळी माझा पहिला संशय एसएमपीएसवर नसून कॅबिनेटच्या बटणावर, अधिक नेमके म्हणायचे तर बटणाच्या दोन पिनांच्या तारेवर असतो.

ही तार बोर्डाच्या कोपऱ्यातील अगदी दाटीच्या पिनांवर बसवावी लागते, छपाई बारीक असते आणि एक पिन इकडे-तिकडे झाली तरी बटण मुके होते. माहितीपुस्तिकेतील आकृती पाहून तार काढावी आणि पॉवर स्विचच्या त्या दोनच पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करावा. यंत्र सुरू झाले, तर दोष बटणात किंवा तारेत आहे. बटणाच्या तारेला उलट-सुलट बाजू नसते. दिव्यांच्या तारांना असते, पण त्या उलट्या लागल्या तरी फक्त दिवा लागत नाही.

तरीही काही झाले नाही, तर प्लग काढून बोर्ड कॅबिनेटबाहेर घ्यावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते टाळले जाते, परंतु निम्मी कोडी तेथेच सुटतात. बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर तो ठेवून प्रोसेसर, कूलर, एकच रॅम आणि दोन वीजजोडण्या एवढेच लावावे. रॅमची एकच पट्टी असेल तर चार खाचांच्या बोर्डवर ती बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, म्हणजे ए२ मध्ये जाते. बाहेर यंत्र चालले, तर कॅबिनेटच्या पत्र्यावर एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उंच धरणारा खुंट) बोर्डाला छिद्र नसलेल्या जागी राहिला असून तो मागून शॉर्ट करीत आहे असे समजावे. पंखा अर्धा सेकंद फिरून थांबणे हेही बऱ्याचदा अशाच शॉर्टचे लक्षण असते.

दुसरी वीजजोडणी प्रोसेसरजवळची आठ पिनांची. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची जोडणी तिच्यासारखीच दिसते, पण खाचांचा आकार वेगळा असतो; जोर लावून बसवावी लागली तर ती नक्की चुकीची आहे.

एवढे करूनही हालचाल नसेल तरच एसएमपीएसकडे वळावे. सर्व भागांपासून तो सुटा करून चोवीस पिनांच्या जोडणीतील हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेशी जोडली की तो सुरू झाला पाहिजे. केबली सगळ्याच काळ्या असतील, तर अंदाजाने तार खुपसू नये. काही नव्या एसएमपीएसचा पंखा भार नसताना फिरतच नाही, त्यामुळे पंखा स्थिर पाहून त्याला मृत ठरवण्याआधी मल्टिमीटरने पिवळ्या तारेवर बारा व्होल्ट येतात का, ते पाहावे.

प्रश्न : डीडीआर५ रॅमचा नवा संगणक सुरू केल्यावर पडदा दोन मिनिटे काळा राहतो, म्हणून मी तो बंद करून पुन्हा लावते. आठ वेळा असे केले. काय बिघडले असेल?
— एक वाचक, वाई

उत्तर : बहुधा काहीही बिघडलेले नाही. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा लावल्यावर बोर्ड तिच्याशी जुळवून घेण्यासाठी विद्युतसंकेतांच्या वेळा तपासत बसतो; त्याला कित्येक मिनिटे लागू शकतात आणि तोवर पडदा काळाच राहतो. आपण प्रत्येक वेळी मध्येच वीज तोडल्यामुळे ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. या वेळी संगणक सुरू करून पंधरा मिनिटे त्याच्याकडे पाहूही नये. तेवढ्याने पडदा उजळला नाही, तर एक रॅम काढून ठेवावी आणि दुसरीवर पुन्हा तेवढाच वेळ द्यावा.