फोर्जिंग चुकलं, आता भट्टी वाचवेल का?

प्रश्न: सिक्स-फोर टायटॅनियमच्या (६% अॅल्युमिनियम, ४% व्हॅनेडियमवालं) फोर्जिंगचे दोन लॉट आहेत, केमिस्ट्री सेम, अॅनिलिंगही सेम, पण एका लॉटचं इलाँगेशन (तुटण्याआधी किती ताणलं जातं ते) सारखं कमी येतंय. स्टीलला नॉर्मलायझिंग करून (तापवून हवेत थंड करून) ग्रेन, म्हणजे धातूचे दाणे, सुधारतो तसं हा लॉट परत भट्टीत घालून सुधारेल का?

उत्तर: नाही हो, बहुतेक नाहीच सुधारणार. स्टीलवाले टायटॅनियमकडे आले की इथेच फसतात (मीही फसलोय). मायक्रो (सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो) काढून बघा, लांब लांब पट्ट्या आणि मोठ्ठे जुने बीटा ग्रेन दिसले तर समजा की तो लॉट बीटा ट्रान्ससच्या (ज्या तापमानाला धातूची अल्फा रचना संपून सगळी बीटा होते) वर फोर्ज झालाय. सिक्स-फोरला हा ट्रान्सस साधारण ९९५ डिग्री सेल्सिअसला असतो, केमिस्ट्रीप्रमाणे थोडा मागेपुढे, त्यामुळे ९५०ला सेट केलेली भट्टी एका कोपऱ्यात जास्त तापत असेल किंवा जोरात घाव घालताना जॉब आतूनच तापला तरी गेलात वर. एकदा वर गेलं आणि हळू थंड झालं की अल्फा पट्ट्यांसारखा वाढतो, आणि त्या पट्ट्या मोडून गोल दाणे करायचे तर ट्रान्ससच्या खाली परत चांगलं फोर्जिंगच लागतं, म्हणजे आधी घाव आणि मग उष्णता. नुसत्या उष्णतेने पट्ट्या जाड होतील, बस. आणि नॉर्मलायझिंगच्या नादात परत ट्रान्सस ओलांडलात तर बीटा ग्रेन अजून फुगेल, स्टीलसारखा बारीक होणार नाही.

सोल्युशन ट्रीटमेंट (ट्रान्ससच्या जरा खाली तापवणं) करून पाण्यात क्वेंच आणि मग ५००-५५०ला एजिंग (काही तास तापवून ठेवणं) केलं तर स्ट्रेंग्थ वाढते खरी, पण तुम्हाला हवंय इलाँगेशन, ते उलट अजून पडेल. शिवाय इंचभरापेक्षा जाड सेक्शन असेल तर आतपर्यंत तो फायदा पोचतही नाही. आणि हवेच्या भट्टीत प्रत्येक फेरीला ऑक्सिजन शिरून वर अल्फा केस नावाचा ठिसूळ थर तयार होतो, तो काढायला मशिनिंग अलाउन्स उरलाय का ते आधी बघा.

पण लगेच स्क्रॅपला टाकू नका. पट्ट्यांच्या स्ट्रक्चरमध्ये क्रॅक वाकडातिकडा फिरत जातो म्हणून फ्रॅक्चर टफनेस चांगला मिळतो, क्रीपलाही (उष्णतेत लोडखाली हळूहळू ताणलं जाणं) बरं, काही पार्ट तर मुद्दाम बीटा फोर्ज करतात. मार खातं ते डक्टिलिटी (न तुटता ताणलं जाणं) आणि फटीगमध्ये (वारंवार लोड येऊन थकणं). डिझाइनवाल्याला मायक्रोचा फोटो दाखवा, त्याच्या स्पेकमध्ये किमान इलाँगेशन किती दिलंय ते विचारा, मग ठरवा.