बूट मधल्या किमतीचे घ्या, पण आधी ती पॉलिसी बघा

क्रॉस-कंट्रीसाठी, म्हणजे मोकळ्या रानात पक्क्या अडथळ्यांवरून दौडायच्या स्पर्धेसाठी, घोडीला पायांभोवती बांधायचे सर्वांत महागडे चार संरक्षक बूट बारा हप्त्यांवर घ्यावेत, की मधल्या किमतीचे रोखीने, एवढंच तुम्ही विचारलंय. मधले, रोखीने. पुढच्या बुटांना कडक कवच मागच्या बाजूने हवं, कारण दौडताना मागचा खूर तिथल्या टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यावर, आदळतो. मागच्या बुटांना ते समोरून हवं, ओंडक्यावर आपटते ती नळी. भरधाव दौडीत टेंडनच्या गाभ्याचं तापमान 45 अंश सेल्सिअसपर्यंत जातं, म्हणून हवा खेळती हवी आणि पाण्याच्या अडथळ्यातून निघाल्यावर पाणी निथळून जायला हवं. माप चुकलं तर महागडा बूटही फिरतो, आत वाळू शिरते आणि कातडी सोलते.

मला घोर लागला तो तुमच्या पुढच्या वाक्याने: ‘बूट चांगले घेतले की टेंडनची चिंता नाही, म्हणून डॉक्टरसाठी वेगळे पैसे ठेवलेले नाहीत.’ बूट मार अडवतो, चीर अडवतो. पण टेंडन बरेचदा ताणाने जातो: थकलेली घोडी, खोल ओली जमीन, उडीनंतर पुढच्या पायांवर आलेला सगळा भार. हा ताण कुठलाच बूट झेलत नाही.

टेंडन गेला की सावरायला 9 ते 12 महिने धरा. घोडीचा महिन्याचा खर्च तुमच्या पगाराचा चौथा हिस्सा, म्हणजे वर्षाचे तीन पगार. सोनोग्राफी, उपचार धरून चार. तुमच्या खात्यात आहे जेमतेम पाऊण पगार.

आणि दरवर्षी दीड पगार कुठे जातो? वीस वर्षांच्या एंडोमेंट पॉलिसीत, म्हणजे आयुर्विमा आणि बचत एकत्र असलेल्या पॉलिसीत. एजंटने सांगितलं, ‘यात घोडीचंही संरक्षण आहे.’ साफ खोटं! विमा तुमच्या आयुष्याचा आहे, घोडीचा त्यात संबंधच नाही. असं काही गळ्यात मारलेलं पाहिलं की माझा संताप होतो. तीन वर्षांत साडेचार पगार गेले, म्हणून पुढची सतरा वर्षं भरत राहू नका. पेड-अप केल्यास (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवल्यास) किती मिळेल आणि सरेंडर केल्यास (मोडल्यास) किती, दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. आई-वडील तुमच्यावर अवलंबून आहेत, तेव्हा आधी साधा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला, नुसतं मृत्यूचं संरक्षण देणारा, घ्या, तो हातात आल्यावरच हप्ता थांबवा.

दोन वर्षांनी घोडी दुप्पट भावाने विकून घराचं डाउन पेमेंट करायचं, हा बेत कागदावर मांडून बघा. घेतली आठ पगारांना, विकाल सोळांना. वरच्या आठातले सहा पगार दोन वर्षांच्या पालनपोषणातच गेले. तुमच्याच आकड्यांनुसार स्पर्धांचे वर्षाला एक, म्हणजे आणखी दोन. उरलं शून्य, तेही सगळं मनासारखं झालं तर. घेणारा पाय तपासून घेणार. जुनी टेंडनची दुखापत दिसली की तो भाव पाडणार, नाहीतर उठून जाणार. घराचे पैसे घोडीच्या पायांवर ठेवू नका.

टर्मचा हप्ता वजा जाता पॉलिसीचे वाचलेले पैसे आणि निम्म्या स्पर्धांची फी घोडीच्या वेगळ्या खात्यात टाका. वर्ष-सव्वा वर्षात दोन पगार साठतील. वरच्या खर्चासाठी घोडीचा विमा काढताना उपचारखर्च धरलाय ना, हे विचारा. नुसतं मृत्यूचं कवच डॉक्टरचं बिल भरत नाही. अर्जात ‘क्रॉस-कंट्री’ स्पष्ट लिहा, नाहीतर दावा तिथेच अडेल. बूट या महिन्यात घ्यायला हरकत नाही. पॉलिसीचं पत्र मात्र पुढचा हप्ता कापला जाण्याआधी जाऊ द्या.