डोकं ग्रीक, वही मराठी

"मॅडम, शुद्धलेखन चुकलं की हा म्हणतो, माझं डोकं ग्रीकसाठी बनलंय. काय बोलायचं याच्याशी?" सहावीतल्या मुलाची आई हसत होती, पण डोळे भरलेले होते. चार महिन्यांपूर्वी त्याला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, सतत चुळबूळ) असल्याचं निदान झालं होतं. त्यावर तो चकार शब्द काढत नव्हता. मग मावसभावाने मोबाइलवर पर्सी जॅक्सनची गोष्ट लावून दिली. पर्सी म्हणजे ग्रीक समुद्रदेव पोसायडनचा मुलगा, एका इंग्रजी पुस्तकमालेचा नायक.

त्यातल्या पर्सीलाही हेच दोन्ही आहे. अक्षरं पानावरून तरंगत जातात, कारण मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलाय. वर्गात चुळबूळ होते, कारण अंगात रणांगणाची चपळाई आहे. लेखक रिक रायर्डन शिक्षक होते. त्यांच्या मुलाला हाच त्रास होता, आणि त्याला झोपताना सांगितलेल्या गोष्टीतून 2005 साली पहिलं पुस्तक आलं.

आईची भीती होती की पोराला आता आयती सबब मिळाली. मला वेगळं दिसलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच तो स्वतःच्या डोक्याबद्दल बोलत होता, तेही मान वर करून. ते हिसकावून घेऊ नका, एवढंच मी सांगितलं.

'तुला वरदान आहे' ही भाषा मात्र मलाही रुचत नाही. रफार कुठे द्यायचा यावर घाम गाळणाऱ्याला ती टिंगलच वाटते. त्या गोष्टीतही पर्सी शाळांमागून शाळांतून काढला जातोच की!

मी मुलाला विचारलं, "एवढी चपळाई आहे, तर पर्सी छावणीत तलवारीचा सराव कशाला करतो?"

बराच वेळ तो खुर्ची गोल फिरवत राहिला. "नाहीतर वार चुकेल ना."

"आणि तुझा सराव?"

मागण्या त्यानेच सांगितल्या: जोडाक्षरांचे रोज पाचच शब्द, धडा कुणीतरी वाचून दाखवायचा, मधे उठायची मुभा. बाईंनी वर्गात त्या मान्य केल्या. निदानाचं प्रमाणपत्र मात्र आईने 'लोक काय म्हणतील' म्हणून कपाटात ठेवलं होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातलाच) येते, परीक्षेत जादा वेळ मागता येतो, हे समजावल्यावर ते शाळेत पोहोचलं.

शब्द अजून चुकतात. रात्री आई पुढचा भाग वाचून दाखवते आणि तो पांघरुणातून ओरडतो, "आई, पोसेडॉन नाही गं, पोसायडन!"