पेपर आधी की पेटंट आधी?

प्रश्न: मी पुण्यात पीएचडी करतेय. आमच्या प्रोजेक्टला एका कंपनीचा पैसा आहे. सर म्हणतात पेटंट मिळेपर्यंत पेपर पाठवायचा नाही. विद्यापीठांनी असा धंदा करणं बरोबर आहे का?

उत्तर: धंदा म्हटलं की आपल्याकडे लगेच नाकं मुरडतात, पण कंपनीचा पैसा येण्यात मला तरी काही गैर वाटत नाही, सरकारी ग्रँट कशी रखडते ते तुम्हाला मी काय सांगणार. घोळ असतो तो करारात. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बेटी डाँग म्हणून संशोधक, त्यांना थायरॉइडच्या गोळ्यांची तुलना करायला बूट्स कंपनीनं पैसे दिले. कंपनीला खात्री की आपली महागडी सिंथ्रॉइडच भारी ठरणार. 1990 ला निकाल लागला तर स्वस्तातल्या गोळ्याही तितक्याच चांगल्या! मग काय, करारात एक ओळ होती, कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय काही छापायचं नाही, त्या जोरावर 1995 मध्ये छपाईच्या तोंडावर आलेला पेपर मागे घ्यायला लावला, विद्यापीठानंही कोर्टकचेरी झाली तर तुमचं तुम्ही बघा म्हणून हात वर केले, आणि पेपर आला थेट 1997 ला. तोवर पेशंट जास्तीचे पैसे मोजतायत.

बरं, विद्यापीठं यात मालामाल होतात म्हणावं तर तेही नाही. 1980 च्या बे-डोल कायद्यानं अमेरिकेत सरकारी पैशातल्या शोधांची पेटंट विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता यायला लागली, स्टॅनफर्डनं गूगलच्या सर्चच्या पेटंटबदल्यात मिळालेले शेअर विकून 33 कोटी डॉलरच्या वर कमावले हे सगळे सांगतात, पण बहुतेक विद्यापीठांत पेटंटचं काम बघणाऱ्या त्यांच्याच ऑफिसचा खर्चसुद्धा निघत नाही.

आता तुमचं. पेटंट मिळेपर्यंत थांबायची गरज नाही हो, त्यात वर्षं जातात. अर्ज दाखल झाला की पुरे. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकला की पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यायला 12 महिने मिळतात, पेपर दुसऱ्या दिवशी पाठवलात तरी चालतो. त्याआधी मात्र कॉन्फरन्समध्ये पोस्टरही लावू नका, शोध आधीच जगजाहीर झाला तर पेटंट हातचं जाऊ शकतं, आणि थिसिस शोधगंगा या थिसिसच्या ऑनलाइन भांडारात चढला की तोही जगजाहीर झाला हे सरांच्या कानावर घाला. कराराची कॉपी मागा. कंपनीला महिना-दोन महिने ड्राफ्ट वाचायला द्यायचा असेल तर ठीक, पण ‘परवानगी’ असं लिहिलेलं दिसलं तर विद्यापीठाच्या आयपीआर सेलला, म्हणजे पेटंट वगैरे हक्क बघणाऱ्या विभागाला, विचारा, आणि ईमेलवर विचारा, तोंडी नको.