सोलर सेल 'भाजून' देतात म्हणजे काय करतात?

प्रश्न : छतावर ५४० वॉटचे सहा पॅनल बसवायचं ठरलंय, मोनो पर्क (सिलिकॉन सेलचा एक प्रकार). वॉरंटीच्या कागदावर पहिल्याच वर्षी २ टक्के घट आणि पुढे दरवर्षी ०.५५ टक्के असं लिहिलंय. कोरा माल पहिल्याच वर्षी एवढा का उतरतो? बसवणारा म्हणतो की कंपनीत सेल भाजून घेतात, काळजी करू नका. मग आमच्या अकोल्याच्या मे महिन्याच्या उन्हात ते आपोआप भाजले जाणार नाहीत का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : बसवणारा खोटं सांगत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. सिलिकॉन वितळवतात क्वार्ट्झच्या भांड्यात, त्या भांड्यातून थोडा ऑक्सिजन सिलिकॉनमध्ये उतरतो आणि बोरॉन तर सेल चालावा म्हणून आपण मुद्दाम घातलेलाच असतो, आता सेलला ऊन लागलं की या दोघांची जोडी जमते आणि उन्हाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोचायच्या आतच ती गिळून टाकते. हे १९७३ पासून माहितीये. यातली बरीचशी घट पहिल्या काही दिवसांच्या उन्हातच होऊन जाते, तुमच्या ५४० च्या पॅनलमागे २ टक्के म्हणजे साधारण ११ वॉट.

आता भाजण्याचं. सेल अंधारात २०० डिग्रीला काही मिनिटं ठेवला की तो पूर्ववत होतो, पण पुन्हा उन्हात नेला की पुन्हा उतरतो! नुसत्या उष्णतेचा उपयोग तेवढाच. २००६ मध्ये जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की उष्णता आणि प्रकाश एकाच वेळी दिले तर ती जोडी कायमची निकामी होते, कंपनीतलं 'भाजणं' ते हेच, मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वात सुंदर वाटते. त्यासाठी सेलमध्ये हायड्रोजन लागतो, तो येतो सेलवरच्या निळसर सिलिकॉन नायट्राइडच्या थरातून, जेव्हा सेल भट्टीतून ८०० डिग्रीच्या आसपास काढतात तेव्हा. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात स्टुअर्ट वेनहॅम यांच्या टीमने या हायड्रोजनवर खूप काम केलं.

तुमच्या छतावर पॅनल ६५ डिग्रीपर्यंत तापेल, वर ऊनही असेल, म्हणजे दुरुस्ती थोडीफार होईल पण फार हळू, तिच्या भरवशावर राहू नका. उलट २५ च्या वर प्रत्येक डिग्रीला पर्क पॅनलची वीज साधारण ०.३५ टक्के कमी होते, ६५ ला १४ टक्के गेले. ही घट वेगळी, पॅनल गार झालं की भरून येते, तरी पॅनल छताला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळायला हवा. आणि घरी हीटरने वगैरे तापवायच्या भानगडीत अजिबात पडू नका, काचेमागचं प्लास्टिक जाईल.

ऑर्डर द्यायच्या आधी एकच विचारा, सेलमध्ये बोरॉन आहे की त्याच्या जागी घालतात तो गॅलियम धातू? गॅलियमवाल्यात ही जोडी जमतच नाही. टॉपकॉन या दुसऱ्या प्रकारचे पॅनल एन-टाइप असतात, म्हणजे सिलिकॉनमध्ये बोरॉनऐवजी फॉस्फरस घातलेला असतो, तिथेही हा त्रास नाही, आणि त्यांच्या कागदावर पहिल्या वर्षाची घट बहुतेक १ टक्काच लिहिलेली असते. भाव थोडाच जास्त असेल तर मी टॉपकॉनच घेईन.